वाचकांचे प्रश्न : क्लब, लीग आणि लवादाची पायरी

इंग्लिश प्रीमियर लीग आणि मँचेस्टर सिटी यांच्यातला प्रायोजकांच्या नियमांवरचा वाद सप्टेंबर 2025 मध्ये तडजोडीने मिटला. गुण का कापले जातात, नियम रद्द होतो म्हणजे काय होतं, स्पेनमध्ये नेमका काय गोंधळ झाला, असे बरेच प्रश्न या निमित्ताने आले. त्यातले निवडक इथे घेतले आहेत.

प्रश्न : ऑक्टोबर 2024 मध्ये निकाल आला तेव्हा सिटी म्हणाली आम्ही जिंकलो, लीगही म्हणाली आम्ही जिंकलो. दोघंही एकाच निकालाबद्दल बोलत होते ना?

होय, निकाल एकच होता आणि दोघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं तथ्य होतं.

थोडं मागे जाऊ. ऑक्टोबर 2021 मध्ये सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या पुढाकाराखालच्या गटाने न्यूकॅसल युनायटेड विकत घेतलं. मालकाच्या वर्तुळातल्या कंपन्या आता फुगवलेल्या रकमेचे प्रायोजक करार देतील, अशी इतर क्लबांना धास्ती होती. त्याच डिसेंबरात लीगने ‘संबंधित पक्षांच्या व्यवहारां’चे नियम आणले. मालकाशी लागेबांधे असलेल्या कंपनीशी करार केला तर त्याची रक्कम रास्त बाजारभावाइतकीच धरली जाईल, हा त्यांचा गाभा. फेब्रुवारी 2024 मध्ये हे नियम आणखी आवळले गेले आणि सिटीने दावा ठोकला. सर नायजेल टीअर, क्रिस्टोफर वायदा आणि लॉर्ड डायसन या तिघांच्या लवादापुढे सुनावणी झाली.

असे नियम असण्यात गैर काही नाही, त्यांच्याशिवाय तोट्याच्या मर्यादेला (क्लबला तीन वर्षांत जास्तीत जास्त किती तोटा चालतो, त्या नियमाला) अर्थच उरणार नाही, असं लवादाने मान्य केलं. आखाती मालकांना लक्ष्य करण्यासाठीच नियम रचले, हा सिटीचा आरोपही फेटाळला (सिटीचे मालक अबू धाबीचे). लीगने विजय सांगितला तो यावर.

पण तीन ठिकाणी नियम पडले. पहिलं, भागधारकांनी क्लबला दिलेली कर्जं या तपासणीतून वगळली होती, ते बेकायदा ठरलं. दुसरं, फेब्रुवारी 2024 मधले काही शब्दबदल. बाजारभावाच्या व्याख्येत आधी ‘ज्या किमतीला विकलं जाऊ शकेल’ असं होतं, त्याचं ‘ज्या किमतीला विकलं जाईल’ असं केलं. शिवाय रक्कम ‘उघडपणे’ बाजारभावाबाहेर असेल तर हस्तक्षेप, यातला ‘उघडपणे’ गाळला. या दोन्ही बदलांमुळे क्लबला मिळणारी सवलतीची पट्टी अरुंद झाली होती. ‘शकेल’मध्ये किमतींचा एक पट्टा मावतो, ‘जाईल’मध्ये जवळपास एकच आकडा. तिसरं, ज्या माहितीसाठ्याशी तुलना करून लीग किंमत ठरवत होती, तो निर्णयाआधी क्लबला दाखवलाच जात नव्हता. त्यामुळे एतिहाद आणि फर्स्ट अबू धाबी बँक यांच्याबरोबरच्या सिटीच्या करारांवरचे लीगचे निर्णय रद्द झाले. निर्णयाला लागलेला वेळही अवाजवी ठरला.

थोडक्यात, तत्त्व टिकलं आणि मसुदा पडला. अशा बहुतेक खटल्यांत हेच होतं, त्यामुळे कोण जिंकलं यापेक्षा नियमातली कोणती ओळ पडली हे पाहावं.

प्रश्न : वाद प्रायोजकांचा होता, मग त्यात भागधारकांची कर्जं कुठून आली? मालकाने स्वतःच्या क्लबला पैसे उसने दिले तर बिघडलं कुठे?

उसने दिल्याने बिघडत नाही, बिनव्याजी दिल्याने बिघडतं. एक काल्पनिक हिशेब करून पाहू.

मालकाने क्लबला 20 कोटी पाउंड बिनव्याजी दिले. हीच रक्कम बाजारातून घेतली असती आणि व्याजदर 7 टक्के धरला, तर वर्षाला 1 कोटी 40 लाख पाउंड व्याज भरावं लागलं असतं. तीन वर्षांत 4 कोटी 20 लाख. आता लीगची तोट्याची मर्यादा पाहा : तीन वर्षांत 10 कोटी 50 लाख पाउंड. म्हणजे या एका कर्जाने मर्यादेच्या 40 टक्के इतकी जागा क्लबला फुकट मिळाली. तेवढ्या पैशात एखादा चांगला मिडफिल्डर पगारासकट बसतो.

सिटीचं म्हणणं सरळ होतं. आमचा प्रायोजक दोन पैसे जास्त देतो की काय हे भिंगाखाली पाहता, मग दुसऱ्याचा मालक व्याज सोडून देतो ते का पाहत नाही? दोन्ही ठिकाणी मालकाचा पैसा बाजारभाव चुकवून क्लबात येतो. त्या काळात आर्सेनल, ब्रायटन आणि एव्हर्टन यांच्या ताळेबंदात अशी मोठी कर्जं होती. लवादाला हा मुद्दा पटला. एका दाराशी पहारा ठेवून दुसरं उघडं सोडणं हे ब्रिटनच्या 1998 च्या स्पर्धा कायद्याविरुद्ध जातं, असं ठरलं.

नोव्हेंबर 2024 मध्ये लीगने नियम दुरुस्त केले आणि ही कर्जंही कक्षेत आली. ठराव 16 विरुद्ध 4 मतांनी मंजूर झाला. विरोधात सिटी, न्यूकॅसल, ॲस्टन व्हिला आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट होते. पण जुन्या कर्जांना बरीच मोकळीक मिळाली आणि मागच्या वर्षांचं व्याज मोजलं गेलं नाही. सिटीच्या दुसऱ्या दाव्याचं मूळ तिथे आहे. आमच्या मते त्या आक्षेपात दम होता. वर्षानुवर्षं मिळालेला फायदा क्लबांकडे राहू द्यायचा आणि नियम फक्त पुढच्यासाठी लावायचा, हा समतोल म्हणता येणार नाही.

प्रश्न : रास्त बाजारभाव ठरवतात तरी कसा? जर्सीवरच्या नावाला काही एमआरपी नसते.

नसते, आणि भांडण होतं ते याच जागी. कामाची पद्धत साधारण अशी आहे. क्लब करार लीगकडे पाठवतो. सोबत संचालकाच्या सहीचं निवेदन असतं की, कागदावर आहे तेवढाच व्यवहार आहे, मागच्या दाराने दुसरं काही देणंघेणं नाही. लीगचं मंडळ तो करार आपल्या माहितीसाठ्यातल्या करारांशी ताडून पाहतं. या साठ्यात इतर क्लबांचे करारही असतात, मालकाशी संबंध नसलेल्या कंपन्यांचेसुद्धा. गरज पडली तर बाहेरचा मूल्यांकनतज्ज्ञ नेमला जातो. रक्कम जास्त वाटली तर क्लबला म्हणणं मांडायची संधी असते. त्यानंतर रक्कम कमी करायची, करार सोडून द्यायचा, किंवा पैसे जास्त आले तरी हिशेबात बाजारभावाइतकेच धरले जातील हे स्वीकारायचं, असे पर्याय उरतात.

गाडी अडते ती तुलनेपाशी. युरोपात सलग खेळणाऱ्या, लीग जिंकणाऱ्या क्लबच्या छातीवरच्या जागेची तुलना करायला खरे समकक्ष क्लब चार-पाचच असतात. त्यांचे करार वेगवेगळ्या वर्षी झालेले. एकात स्टेडियमचं नाव धरलेलं, दुसऱ्यात फक्त जर्सी. एकात निश्चित रक्कम मोठी, दुसऱ्यात विजेतेपदाचा बोनस मोठा. याचं वजन कसं धरायचं यावर दोन तज्ज्ञ प्रामाणिकपणेच वेगळे आकडे देतील.

म्हणून तो माहितीसाठा क्लबला दाखवण्याचा मुद्दा महत्त्वाचा होता. तुमचा करार महाग आहे एवढंच सांगितलं आणि कोणाच्या तुलनेत ते सांगितलं नाही, तर खोडून काय काढणार? दुसरीकडे हेही खरं की, त्या साठ्यात प्रतिस्पर्ध्यांची व्यापारी गुपितं असतात. अशा वेळी नावं झाकून किंवा फक्त बाहेरच्या वकील-तज्ज्ञांना गोपनीयतेच्या अटीवर कागद दाखवणं हा स्पर्धा कायद्याच्या खटल्यांतला रुळलेला मार्ग आहे.

प्रश्न : बातम्यांत ‘कोर्टात खेचलं’ असं असतं, पण कोर्टाचं नाव कधीच नसतं.

कारण बहुतेक वेळा कोर्ट नसतंच. प्रीमियर लीग ही 20 भागधारकांची कंपनी आहे. प्रत्येक क्लबकडे एक शेअर असतो आणि तो घेताना क्लब नियमपुस्तिकेने बांधला जातो. वाद लवादापुढेच न्यायचा, असं त्या पुस्तिकेत आहे. तिघांचं मंडळ बसतं, सुनावणी बंद दाराआड होते.

उच्च न्यायालयात जाता येतं, पण 1996 च्या लवाद कायद्यातल्या अरुंद वाटेने. मंडळाला अधिकारच नव्हता, किंवा कार्यवाहीत गंभीर गैरप्रकार झाला, असं दाखवावं लागतं. निकाल चुकीचा वाटतो एवढ्यावर फारसं काही होत नाही.

गोपनीयतेचंही एक टोक आहे. सिटी आणि लीग यांच्यातल्या आधीच्या एका वादात न्यायालयाचा निकाल प्रसिद्ध करायचा की नाही, यावरच लढाई झाली. दोघांनाही तो झाकून हवा होता. अपील न्यायालयाने जुलै 2021 मध्ये तो प्रसिद्ध करायला लावला. प्रीमियर लीग सिटीची चौकशी करते आहे आणि तिथे कागदपत्रांवरून खेचाखेच चालू आहे, याला तिथून न्यायालयीन दुजोरा मिळाला. फेब्रुवारी 2023 मध्ये ठेवलेले शंभरावर आरोप हे त्या चौकशीचंच पुढचं पाऊल. प्रायोजक नियमांचा दावा वेगळा आहे. पुष्कळ वाचक ही दोन प्रकरणं एकात मिसळतात, तसं करू नये.

प्रश्न : फेब्रुवारी 2025 मध्ये सगळे जुने नियम रद्दबातल ठरले असं वाचलं. तीन ओळी चुकल्या तर तेवढ्याच का नाही काढल्या?

लीगनेही हेच मागितलं होतं. इंग्लिश कायद्यात याला निळ्या पेन्सिलीची कसोटी म्हणतात. बेकायदा शब्दांवर पेन्सिलीने रेघ मारली आणि उरलेला मजकूर काही नवीन न लिहिता धड उभा राहिला, तर तेवढाच भाग जातो, बाकीचा टिकतो.

इथे अडचण अशी की, मुख्य दोष काहीतरी लिहिल्याचा नव्हता, वगळल्याचा होता. भागधारकांची कर्जं आत आणायची तर ती कशी मोजायची, कोणत्या तारखेपासून, कोणता दर, हे सगळं नव्याने लिहावं लागलं असतं. ते काम पेन्सिलीच्या रेघेने होत नाही आणि नियम लिहून देणं लवादाचं कामही नाही. त्यामुळे डिसेंबर 2021 ते नोव्हेंबर 2024 या काळातले नियम सरसकट निरर्थक ठरले.

नोव्हेंबर 2024 पासूनचे नियम या निकालात तपासलेच गेले नव्हते. त्यांच्याविरुद्ध सिटीने जानेवारी 2025 मध्ये वेगळा दावा केला होता. तो 8 सप्टेंबर 2025 रोजी तडजोडीने संपला. सध्याचे नियम वैध आणि बंधनकारक आहेत हे सिटीने मान्य केलं आणि यापुढे कोणी काही बोलायचं नाही असं ठरलं. म्हणजे जुन्या कर्जांना दिलेली मोकळीक कायदेशीर होती की नाही, याचं उत्तर लवादाकडून आलंच नाही. वकिलांची निराशा झाली असेल.

प्रश्न : लेस्टर सिटीने मर्यादा ओलांडली तरी सुटली. सेटिंग का?

सेटिंग वगैरे काही नाही, कॅलेंडर. लेस्टर 2022-23 च्या हंगामाअखेर खालच्या विभागात गेला. जूनमध्ये त्याचा प्रीमियर लीगमधला शेअर वर आलेल्या क्लबकडे गेला. क्लबचं आर्थिक वर्ष मात्र 30 जून 2023 ला संपत होतं. तोट्याचा हिशेब त्या तारखेला पुरा होतो, म्हणजे उल्लंघन झालं असेल तर ते त्या तारखेला. आणि त्या दिवशी लेस्टर प्रीमियर लीगचा सदस्यच नव्हता. सप्टेंबर 2024 मध्ये अपील मंडळाने म्हटलं की, लिहिलेल्या शब्दांप्रमाणे लीगला इथे अधिकार पोचत नाही. शब्द नीट लिहिलेले नाहीत, हेही सुनावलं.

लेस्टरने खर्च आटोक्यात ठेवला होता असं या निकालात कुठेही नाही. पण शिक्षा करणारा नियम वाचताना त्याचा हेतू ताणून रिकाम्या जागा भरायच्या नसतात. चाहत्यांना ते झोंबलं, तरी निकाल योग्यच होता.

प्रश्न : मग नॉटिंगहॅम फॉरेस्टला तारखेचा फायदा का मिळाला नाही?

कारण त्यांची तारीख उलट्या बाजूला पडली. आधी त्यांची मर्यादा समजून घ्या. प्रीमियर लीगमधल्या वर्षाला 3 कोटी 50 लाख, खालच्या चॅम्पियनशिपमधल्या वर्षाला 1 कोटी 30 लाख पाउंड. फॉरेस्टची दोन वर्षं खाली आणि एक वर गेलं होतं, म्हणून एकूण 6 कोटी 10 लाख. ती 3 कोटी 45 लाखांनी ओलांडली गेली.

ब्रेनन जॉन्सन या खेळाडूला विकून हे भोक बुजलं असतं. पण हिशेब 30 जून 2023 ला बंद झाला आणि विक्री 1 सप्टेंबरला झाली. थांबल्यामुळे जास्त किंमत आली, ते क्लबच्या हिताचंच होतं, असा बचाव झाला. तो चालला नाही. चार गुण गेले. कबुली आणि सहकार्य यांमुळे शिक्षा सहावरून चारवर आली होती. अपीलही फेटाळलं गेलं.

क्लबांचे हिशेबनीस जूनमध्ये का धावपळ करतात ते यावरून लक्षात येईल. अकादमीतून घडलेला खेळाडू विकला की पुस्तकातली त्याची किंमत जवळपास शून्य असल्याने जवळजवळ सगळी रक्कम नफा म्हणून दिसते. म्हणून स्वतः वाढवलेली पोरंच आधी बाजारात जातात. चांगल्या हेतूच्या नियमाचा हा एक कडू परिणाम.

प्रश्न : तोट्याच्या मर्यादेत नक्की काय मोजतात? मालकाने तोटा भरून दिला तर चालतं का?

करपूर्व नफा-तोटा घेतात आणि त्यातून युवा अकादमी, महिला फुटबॉल, समाजकार्य यांवरचा खर्च आणि स्टेडियमसारख्या स्थावर मालमत्तेचा घसारा वगळतात. उरलेला तोटा तीन वर्षांचा मिळून दीड कोटी पाउंडांपर्यंत असेल तर प्रश्न नाही. त्यावर आणि साडेदहा कोटींच्या आत असेल तर मालकाने तो भरून द्यावा लागतो, तोही भागभांडवल घालून. कर्ज चालत नाही. साडेदहा कोटींच्या वर मालकाची तिजोरी कितीही मोठी असली तरी उपयोग नाही.

खेळाडूची ट्रान्सफर फी मात्र एकदम खर्ची पडत नाही, ती कराराच्या वर्षांत विभागली जाते. 5 कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला तर वर्षाला 1 कोटी. चेल्सीने आठ-आठ वर्षांचे करार करून हा वार्षिक आकडा खाली आणला, तेव्हा युरोपीय फुटबॉल महासंघाने (युएफा) आणि मग लीगने 2023 मध्ये विभागणीला पाच वर्षांची कमाल मर्यादा घातली.

प्रश्न : बार्सिलोनाच्या दानी ओल्मोची नोंदणी रद्द झाली आणि मग परत झाली. तिथे कोर्ट होतं की सरकार?

दोन्ही, क्रमाने. स्पेनची पद्धत इंग्लंडच्या उलटी आहे. इंग्लंडमध्ये आधी खर्च, नंतर हिशेब, मग गुणकपात. तिथली लीग, ला लीगा, आधीच प्रत्येक क्लबला संघावरच्या खर्चाची मर्यादा ठरवून देते आणि जागा नसेल तर खेळाडूची नोंदणीच होत नाही.

ओल्मोची नोंदणी ऑगस्ट 2024 मध्ये दीर्घ दुखापतीच्या सवलतीतून झाली. संघातल्या जखमी क्रिस्टेन्सनच्या पगाराचा काही भाग त्याच्यासाठी वापरला गेला. ही नोंदणी 31 डिसेंबरपर्यंतच होती. डिसेंबरात बार्सिलोनाच्या व्यापारी न्यायालयाने क्लबचा तात्पुरत्या दिलाशाचा अर्ज नाकारला. क्लबने स्टेडियममधल्या खास बैठकांचे हक्क 10 कोटी युरोंना विकून जागा तयार केली, पण कागद मुदतीच्या काठावर पोचले. शिवाय एकदा रद्द झालेली नोंदणी त्याच क्लबमध्ये त्याच हंगामात पुन्हा होत नाही, असा स्पॅनिश महासंघाचा नियम होता.

8 जानेवारी 2025 ला सरकारच्या क्रीडा परिषदेने तात्पुरता दिलासा दिला आणि एप्रिलमध्ये अंतिम निर्णयही क्लबच्या बाजूने गेला. कारण वाचण्यासारखं आहे. नोंदणी नाकारणाऱ्या लीग-महासंघाच्या संयुक्त समितीला तो अधिकारच नव्हता. बैठकांच्या पैशांचा हिशेब बरोबर होता का, हा प्रश्न बाजूलाच राहिला. ला लीगाने तर एप्रिलमध्येच जाहीर केलं होतं की, ती रक्कम क्लबच्या नव्या लेखापरीक्षकाने नफा-तोटा पत्रकात धरलेली नाही.

प्रश्न : युरोपीय न्यायालयाने सुपर लीगच्या (बड्या क्लबांनी काढू पाहिलेल्या वेगळ्या स्पर्धेच्या) बाजूने निकाल दिला. मग आर्थिक नियमही तिथे टिकणार नाहीत ना?

एवढी उडी घेऊ नका. 21 डिसेंबर 2023 च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की, नव्या स्पर्धेला परवानगी देण्या-नाकारण्याचे फिफा आणि युरोपीय महासंघाचे नियम पारदर्शक, वस्तुनिष्ठ आणि भेदभावरहित निकषांवर बसवलेले नव्हते. खर्चाच्या मर्यादेबद्दल तिथे निर्णय नाही. इंग्लंडमध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सने 2013-14 च्या हंगामाच्या दंडाविरुद्ध आर्थिक नियमच स्पर्धा कायद्याविरुद्ध आहेत असा युक्तिवाद केला होता. 2017 मध्ये लवादाने तो फेटाळला आणि पुढच्या वर्षी क्लबने मोठ्या रकमेवर तडजोड केली.

थेट नियमाच्या मुळावर घाव घालणारे खटले सहसा हरतात. मुदत, अधिकार, ऐकून घेण्याची संधी यांवर बोट ठेवणारे टिकतात. सिटीवरची युरोपीय महासंघाची दोन वर्षांची बंदी जुलै 2020 मध्ये क्रीडा लवादाने उठवली, तेव्हाही काही आरोप सिद्ध झाले नाहीत आणि काहींना पाच वर्षांची मुदत आडवी आली. चौकशीत सहकार्य न केल्याचा 1 कोटी युरोंचा दंड तेवढा राहिला.

प्रश्न : 2026-27 पासून इंग्लंडमध्ये नवे नियम येणार. मग हे खटले थांबतील?

नाही, प्रायोजकांवरचे वाढण्याचीच शक्यता आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये क्लबांनी तोट्याच्या मर्यादेऐवजी संघखर्चाचं प्रमाण स्वीकारलं. खेळाडू आणि प्रशिक्षकाचे पगार, एजंटांची फी आणि ट्रान्सफर फीचा वार्षिक हिस्सा मिळून उत्पन्नाच्या 85 टक्क्यांच्या आत हवा. युरोपीय स्पर्धा खेळणाऱ्यांना युरोपीय महासंघाची 70 टक्क्यांची मर्यादा वेगळी आहेच.

आता यात प्रायोजक ठेवून पाहा. कराराची रक्कम 1 कोटी पाउंडांनी वाढली की संघावर 85 लाख जास्त खर्च करायची थेट मुभा मिळते. उत्पन्नाच्या प्रत्येक पाउंडाचा मोठा हिस्सा मैदानावर उतरू शकतो. म्हणजे बाजारभाव किती, हा प्रश्न आधीपेक्षा जास्त मोलाचा झाला आणि तो ठरवणारा माहितीसाठा, तुलनेचे निकष आणि निर्णयाची मुदत यांवर वकिलांची नजर राहणार. सर्वांत खालच्या क्लबच्या उत्पन्नाशी सगळ्यांचा खर्च बांधण्याचा प्रस्तावही त्याच बैठकीत मतदानाला आला होता. तो पडला. मंजूर झाला असता तर खेळाडूंची संघटना लढ्याच्या तयारीत होतीच.